तान्ह्या बाळाचे खेळणे कसे निवडावे

घरात बाळ आले की बारसे आटोपेपर्यंत टोपलीभर खेळणी जमतात. कोणी खुळखुळा आणतो, कोणी चावीची बाहुली आणतो, गोंदियाहून येणारी आत्या दिवे लागणारी, गाणे म्हणणारी मोटार आणते. चारसहा महिने गेले की मंडळींच्या लक्षात येते की बाळ या साऱ्या ऐश्वर्याकडे पाठ फिरवून आईच्या पदराशी, नाही तर डब्याच्या झाकणाशी तासभर रमते. मग कौतुकाने म्हटले जाते, "आमच्या बाळाला किमतीची कदरच नाही!" वस्तुतः बाळाची निवड अगदी बरोबर असते. झाकण हातात मावते, तोंडात घालता येते, जमिनीवर आपटले तर आवाज देते, सोडले की गोल फिरून पडते. गाणाऱ्या मोटारीकडे मात्र नुसते पाहावयाचे असते. सारे काम मोटारच करते, बाळाला काही काम उरत नाही.

खेळणे निवडण्याचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे. मोठ्या माणसाचा खेळ म्हणजे विरंगुळा. तान्ह्याचा खेळ हे त्याचे काम आहे. पाहणे, धरणे, सोडणे, चाखणे, ऐकणे, ढकलणे ही कामे ते पहिल्या वर्षात शिकते, आणि खेळणे म्हणजे त्या कामाचे हत्यार. सुताराला सोनाराची हातोडी देऊन जसे चालत नाही, तसेच तीन महिन्यांच्या बाळाला वर्षाच्या मुलाचे खेळणे देऊन चालत नाही. म्हणून दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी आपले बाळ सध्या कोणते काम शिकत आहे, एवढे पाहावे.

नुकत्या जन्मलेल्या बाळाची दृष्टी वीत-दीड वीत अंतरापर्यंतच स्पष्ट असते. दूध पिताना आईचा चेहरा नेमका त्याच अंतरावर असतो. तेव्हा पहिले खेळणे आईचा चेहरा होय, आणि ते कोणत्याही दुकानात मिळत नाही. फिकट गुलाबी वा आकाशी रंग आपणांस नाजूक वाटतात, परंतु बाळाला या वयात ते वेगळे ओळखू येत नाहीत. काळ्या-पांढऱ्याचा ठळक भेद मात्र त्याच्या डोळ्यांस लगेच जाणवतो. पांढऱ्या फडक्यावर काळ्या दोऱ्याने घातलेले मोठे ठिपके किंवा पट्टे त्याला रेशमी झालरीहून अधिक रिझवितात. आपल्याकडे पाळण्यावर कापडी चिमण्यांचे चिमणाळे टांगण्याची जी चाल आहे ती फार शहाणपणाची आहे. वारा आला की चिमण्या हलतात आणि बाळाचे डोळे त्यांच्या मागे फिरू लागतात. फक्त दोन गोष्टी सांभाळाव्यात. चिमणाळे बाळाच्या हाती येईल इतके खाली नसावे, आणि बाळ हातांवर छाती उचलू लागले, म्हणजे साधारण पाचव्या महिन्यात, ते काढून ठेवावे. त्यानंतर ते खेळणे राहत नाही, गळ्यात अडकणारी दोरी होते.

जन्मतः बाळाच्या तळहातावर बोट ठेवले की मूठ आवळली जाते. ती आपोआप होणारी क्रिया आहे. हेतुपूर्वक हात पुढे करून वस्तू धरणे चौथ्या महिन्याच्या सुमारास सुरू होते, आणि खुळखुळ्याचा खरा काळ तेथून पुढे आहे. खुळखुळा हलका हवा, कारण पहिले काही आठवडे बाळ तो स्वतःच्याच कपाळावर आपटून घेते. दांडा आपल्या करंगळीएवढा असावा म्हणजे चिमुकल्या मुठीत बसतो. दोन्ही टोके मात्र इतकी मोठी असावीत की घशाकडे जाऊच शकणार नाहीत. आवाज मंद असावा. आपल्या कानाशी धरून वाजविल्यावर जो आपणांस नकोसा वाटतो तो बाळालाही नकोच.

सहाव्या महिन्यात बाळ वस्तू या हातातून त्या हातात घेऊ लागते. आठव्या महिन्याच्या पुढेमागे एक मोठी क्रांती घडते. त्यापूर्वी चेंडू फडक्याखाली लपविला की बाळाच्या लेखी तो जगातून नाहीसा होई. आता ते फडके उचलून चेंडू शोधते. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे (१८९६-१९८०) यांनी स्वतःच्या तीन मुलांचे निरीक्षण करून ही गोष्ट जगापुढे मांडली. आपल्या आज्यांनी 'कुठे गेलं बाळ? हे बघ बाळ!' म्हणून पदराआड तोंड लपविण्याचा जो खेळ पिढ्यान् पिढ्या खेळला, तो याच वयात सर्वांत रंगतो, हे त्यांना कोणी पुस्तकातून सांगितले नव्हते. या काळात एक डबा आणि त्यात टाकावयाच्या तीन-चार मोठ्या वस्तू, एवढे दिले की बाळ त्या टाकते, काढते आणि पुन्हा टाकते. आईला कंटाळा येतो, बाळाला येत नाही. नवव्या-दहाव्या महिन्यात अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट जुळते आणि बाळ जमिनीवरचा तांदळाचा दाणासुद्धा उचलू लागते. बुद्धीची ही मोठी पायरी आहे. पण आईवडिलांची झोप उडविणारा काळही हाच, कारण उचललेली प्रत्येक वस्तू तोंडाकडेच जाते.

तोंड हे बाळाचे तिसरे बोट

बाळ वस्तू तोंडात घालते म्हणून त्याला रागे भरण्यात अर्थ नाही. वस्तू मऊ की कठीण, गार की कोमट, गोल की कोनदार, हे ते ओठांनी आणि जिभेने शिकते. तेव्हा तान्ह्याच्या खेळण्याची पहिली परीक्षा 'हे सुंदर आहे काय' ही नव्हे. 'हे तोंडात गेले तर काय होईल' ही होय.

भारतीय मानकात लहान तुकड्यांच्या तपासणीसाठी एक नळी ठरलेली आहे. तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो आणि तीत जी वस्तू पूर्ण मावते ती तीन वर्षांखालील मुलास धोक्याची समजतात. चेंडूंसाठी मोजमाप याहून कडक, ४४.५ मिलिमीटरचे आहे, कारण गोल वस्तू घशात बुचासारखी घट्ट बसते. हे यंत्र घरी करावयास एक पैही लागत नाही. टपाल खात्याचे साधे पोस्टकार्ड घ्यावे. ते १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असते. त्याच्या दोन्ही आखूड कडा एकमेकींवर न चढविता नुसत्या टेकवून वरून कागदाची पट्टी चिकटवावी. १४ सेंटिमीटर घेराच्या या नळीचा व्यास जवळजवळ साडेचव्वेचाळीस मिलिमीटर भरतो. म्हणजे चेंडूचे माप आपसूक मिळाले. जी वस्तू या नळीत पूर्णपणे मावते ती बाळाच्या टोपलीत ठेवू नये. आज रात्रीच घरातील खेळणी या नळीतून काढून पाहावीत. गोट्या, चिंचोके, सीताफळाच्या बिया, मोठ्या भावंडांच्या मोटारीची चाके, बाटल्यांची बुचे आणि दहा रुपयांचे नाणेसुद्धा तीत सहज जाते.

आपल्या जिल्ह्यात आणखी एका वस्तूचे नाव वेगळे घ्यावयास हवे. रानात मिळणारी लाल-काळी गुंज दिसावयास फार गोजिरी असते. म्हणून ती माळेत ओवतात, खुळखुळ्यातही भरतात. परंतु गुंजेचे बी चावले गेले तर ते अत्यंत विषारी असते. अखंड खुळखुळ्यातली गुंज आज निरुपद्रवी वाटते. तो फुटला की तीच बाळाच्या चिमटीत येते. गुंजेचा खुळखुळा घरात असेल तर काढून टाकावा. तीच गोष्ट बिब्ब्याची. त्याच्या रसाने कातडीस फोड येतात, म्हणून बिब्ब्याचे लाकूड वा बी खेळण्याच्या जवळही नसावे.

नव्या काळातील दोन संकटे आजीच्या काळी नव्हती. गाणाऱ्या, चमकणाऱ्या स्वस्त खेळण्यांत बटणासारखी चपटी विजेरी असते. ती गिळली जाऊन अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांच्या आतही तेथे गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. ज्या खेळण्याचे विजेरीचे झाकण स्क्रूने बंद नाही, नखाने उघडते, ते फुकट मिळाले तरी घेऊ नये. दुसरे, शक्तिमान लोहचुंबकाचे बारीक मणी. दोन मणी पोटात गेले तर ते आतड्याच्या दोन पदरांतून एकमेकांस ओढतात आणि आतड्यास भोक पडते. यांपैकी काही गिळल्याचा नुसता संशय आला तरी 'उद्या सकाळी पाहू' म्हणू नये. त्याच वेळी जिल्हा रुग्णालय गाठावे. फुगाही निरागस नाही. वाढदिवसाला फुटलेल्या फुग्याची रबरी चिंधी बाळाच्या श्वासनलिकेस चिकटून बसते, म्हणून समारंभ संपताच चिंध्या मोजून उचलाव्यात.

घशात काही अडकलेच आणि बाळ मोठ्याने खोकत असेल तर त्यास खोकू द्यावे. आवाज बंद झाला, रंग काळवंडू लागला, तर मात्र वेळ घालवू नये. वर्षाच्या आतील बाळास आपल्या हातावर पालथे, डोके खाली करून व हनुवटीस आधार देऊन धरावे आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा माराव्यात. तेवढ्याने वस्तू बाहेर न आल्यास उताणे करून छातीच्या हाडावर मध्यभागी पाच वेळा दाब द्यावा, आणि वस्तू निघेपर्यंत हेच आळीपाळीने करावे. दुसऱ्याने १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा. वस्तू डोळ्यांना दिसत नसेल तर घशात बोट फिरवू नये. ती अधिक आत जाते. वाचून हे हाताला येत नाही. आपल्या न्यासाने एका रविवारी डॉक्टरांस बोलावून बाहुलीवर हे करून दाखविण्याची विनंती केली, तर सभासदांच्या सुनांइतकाच सासवांनाही त्याचा उपयोग होईल.

मनगट्या, काळा गोफ, गळ्यातील ताईत यांबद्दल लिहावे की न लिहावे, असा थोडा विचार पडतो. कारण ही खेळणी नव्हेत, आणि त्यांत घरच्या वडीलधाऱ्यांचा जीव गुंतलेला असतो. परंतु मनगटीचा मणी हा बाळाच्या तोंडाशी चोवीस तास असणारा मणी आहे, आणि गळ्यातील दोरा झोपेत पाळण्याच्या खुंटीस अडकू शकतो. आजीबाईंशी वाद घालू नये. दृष्टीसाठी कानामागे घरच्या काजळाची तीट लावावी आणि दोरा देवाजवळ ठेवावा, असे सुनेने न म्हणता मुलाने म्हटले तर ते बहुधा मानले जाते.

तान्हा पोळा आणि रंगाचा प्रश्न

आपला बालाघाट १९५६ साली भाषावार प्रांतरचनेत मध्य प्रदेशात राहिला आणि विदर्भ मुंबई राज्यात गेला, तरी सणांच्या बाबतीत वैनगंगेच्या दोन्ही तीरांचे नाते तुटले नाही. नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली हा मुलूख होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांनी लाकडी नंदी सजवून मिरविण्याचा तान्हा पोळा दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी (राज्यकाल १७८८-१८१६) सुरू केला, असे सांगतात. पूर्वेस छत्तीसगडाकडे गेले की पोऱ्याच्या सणाला मुलांस मातीचे बैल आणि मुलींस मातीची जाती-भांडी देतात. खेळण्यासाठी सबंध सण राखून ठेवणारे प्रदेश फार नसतील. चाकावरचा नंदी हे खेळणे म्हणूनही उत्तम आहे. रांगते मूल तो ढकलते, चालते मूल ओढते, थोडे मोठे झाले की त्याच्या पाठीवर धान्याच्या पुरचुंड्या लादून बाजारास नेते. एकच खेळणे पाच वर्षे पुरते आणि बोजारा मिळतो तो वेगळाच. पूर्वी हा सण मुलग्यांचाच मानीत. आता मुलीही नंदी घेऊन निघतात, आणि ते योग्यच आहे. मुलीस बाहुली व मुलास गाडी अशी वाटणी तान्ह्या वयात तरी निरर्थक आहे. दोघांच्याही हातांना तेच काम शिकावयाचे असते.

कित्येक घरांत आजोबांच्या, पणजोबांच्या काळचा नंदी जपून ठेवलेला असतो. बाळाचा पहिला पोळा आला की तो माळ्यावरून उतरवून पुसून बाळाच्या हाती देण्याचा मोह कोणालाही होईल. येथे थांबावयास हवे. जुन्या तेलरंगांत, विशेषतः पिवळा, शेंदरी, लाल आणि हिरवा या झगझगीत रंगांत, शिसे घालण्याची रीत होती. रंगाचा पोपडा बाळाच्या तोंडात गेला की ते शिसे शरीरात जाते. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या चौपट-पाचपट भाग लहान मुलाचे शरीर शोषून घेते. त्याची बाधा लगेच दिसत नाही. ताप येत नाही, पुरळ उठत नाही. मेंदूची वाढ मात्र खुंटते आणि पुढे अभ्यासात, स्वभावात त्याचे परिणाम उमटतात. रक्तात शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक, असे कोणतेही प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेस सापडलेले नाही. युनिसेफने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर तीन मुलांपैकी सुमारे एकाच्या रक्तात शिसे चिंताजनक प्रमाणात आहे. त्याची कारणे अनेक आहेत, एकटी खेळणी नव्हेत; पण खेळणे हे आपल्या हातातील कारण आहे. भारतात घरगुती रंगांतील शिशावर दहा लाखांत ९० भाग ही मर्यादा घालणारे नियम २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या रंगाबद्दल खात्री देता येत नाही.

मग पणजोबांच्या नंदीचे काय करावे? तो मुळीच टाकू नये. तो देव्हाऱ्याशेजारी उंच फळीवर ठेवावा, पोळ्याला त्याची पूजा करावी, मिरवणुकीत मोठ्या माणसाने तो हाती घ्यावा. फक्त बाळाच्या तोंडाशी जाऊ देऊ नये. 'नवा रंग दिला की झाले' असे कोणी सुचवितात. ते बरोबर नाही. वरचा थर निघाला की खालचा उघडा पडतो. रंग घासून काढण्याचा उपाय तर त्याहून वाईट, कारण घासताना उडालेली शिशाची धूळ घरभर बसते आणि रांगणाऱ्या बाळाचे हात ती गोळा करतात.

ओले पांढरे फडके खेळण्यावर जोराने घासून पाहण्याची पद्धत पुष्कळांस माहीत आहे. रंग फडक्यावर उतरला तर खेळणे परत करावे. पण रंग उतरला नाही म्हणजे शिसे नाही, असा उलट अर्थ काढू नये. पक्क्या रंगातही शिसे असू शकते.

बाजारातील खेळण्यांपुरते सांगावयाचे तर १ जानेवारी २०२१ पासून देशात विकल्या जाणाऱ्या, चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आहे. चिन्हाखाली परवाना क्रमांक असतो आणि तो ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल अ‍ॅपवर पडताळता येतो. जत्रेतील ढिगात, रस्त्यावरच्या चादरीवर चिन्ह नसलेली प्लॅस्टिकची खेळणी आजही मिळतात. स्वस्त आणि वासाने ओळखू येणाऱ्या, तेलकट, लिबलिबीत प्लॅस्टिकापासून तर दूरच राहावे. हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांच्या मालास आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांस या नियमातून सूट आहे. म्हणजे कारागिराच्या लाकडी खेळण्यावर चिन्ह नसले तर ते वाईट ठरत नाही; तेथे तपासणीचे काम आपल्यावर येते. लाकूड कोणते, रंग कोणता, खिळा आहे की लाकडी मेख, हे तोंडाने विचारावे. चांगल्या कारागिरास हे प्रश्न आवडतात.

घरचे आणि रानचे सामान

बालाघाट जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भाग वनाने व्यापलेला आहे, आणि आपण खेळणी मात्र शेकडो कोस दुरून आणतो. हळदूचे लाकूड बारीक पोताचे, कातकामास उत्तम. शिवण हलकी आणि कोरावयास मऊ. या लाकडांचे गोल कडे, चेंडू, मोठा मणी, डबी कोणताही कातारी करून देऊ शकेल. रंग हवाच असेल तर लाखेचा विचार करावा. पळस, कुसुम आणि बोर यांवर लाख आपल्याच जिल्ह्यातील शेतकरी घेतात. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकविली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर बसते. कर्नाटकातील चन्नपट्टण आणि आपल्याच राज्यातील नर्मदाकाठचे बुधनी ही गावे याच कामासाठी प्रसिद्ध आहेत. लाख स्वतः निरुपद्रवी आहे. औषधी गोळ्यांवरही तिचा लेप देतात. तीत मिसळलेला रंग कोणता, एवढे विचारावे. सावंतवाडीची चितारआळीतील लाकडी फळे आणि भाज्या कोणास भेट मिळाल्या तर त्या जरूर ठेवाव्यात, पण मूल तीन वर्षांचे होऊन भातुकली मांडू लागेपर्यंत कपाटात.

बुरडाकडून बांबूच्या पट्ट्यांचा पोकळ चेंडू विणून घेता येतो. त्यात बाळाची बोटे अडकतात, म्हणून तो धरावयास सोपा. बांबूची कूस मात्र घरी पुन्हा काचकागदाने घासून, हात फिरवून पाहावी. वारासिवनीच्या हातमागाचे सुती कापड घरात असतेच. त्याच्या चिंध्यांचा चेंडू हे बाळाचे सर्वांत गुणी खेळणे आहे. तो लागत नाही, दूर पळत नाही, धुता येतो. जर्मनीत १८३७ साली बालशिक्षणाची संस्था काढणाऱ्या फ्रोबेलने मुलांसाठी जी साधने ठरविली, त्यांतील पहिले साधन सहा रंगांचे लोकरीचे चेंडू हेच होते. कापडी बाहुली शिवताना डोळ्यांस बटणे वा मणी लावू नयेत, दोऱ्याने डोळे काढावेत. आत कापूस भरावा. मोहरी, मूग भरू नये, शिवण उसवली की ते दाणे बाळाच्या नाकात जातात. आणि वर्षाखालील बाळ झोपले की पाळण्यात बाहुली, उशी, मऊ प्राणी काहीही ठेवू नये, कारण तोंडावर आले तर बाळाला ते बाजूस सारता येत नाही.

साधने जवळची असावीत, हा विचार आपल्या भाषेतील दोन थोर स्त्रियांनी आयुष्यभर आचरून दाखविला. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करीत होत्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. माँटेसोरीबाईंची पद्धत त्यांना पटली होती. पण परदेशी नमुन्याची महागडी साधने खेड्यातील मुलांस कोठून मिळावीत? १९४५ साली बोर्डीस त्यांनी अनुताई वाघांसह ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले, तेव्हा शंखशिंपले, बिया, पाने, काड्या, माती यांचीच साधने झाली. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत हेच काम चालले. बैहरच्या पठारावरील आपल्या अंगणवाड्यांना कोसबाडकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. अर्थात बिया आणि शिंपले तीन वर्षांवरील मुलांसाठी. तान्ह्यास ती साधने देऊ नयेत, पण तोच विचार त्यालाही लागू आहे. स्टीलची वाटी, लाकडी पळी, झाकणाचा डबा, गुळगुळीत लाटणे, आंघोळीचा तांब्या यांतून दहा महिन्यांच्या बाळाचे एक उत्तम दुकान उभे राहते.

पांगुळगाड्याबद्दल विचारणा नेहमी होते. आपला जुना तीन चाकांचा लाकडी पांगुळगाडा आणि आजचा मूल आत बसविण्याचा चाकांचा 'वॉकर' या दोन वस्तू एक नव्हेत. पांगुळगाडा मूल स्वतः उभे राहून ढकलते. पायांवर भार त्याचा स्वतःचा असतो. वॉकरमध्ये मूल टांगलेले असते. त्याने चालणे लवकर येत नाही, उलट मूल क्षणात उंबऱ्याकडे, जिन्याकडे, चुलीकडे पोहोचते. कॅनडाने २००४ साली वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली. तेव्हा आहेर म्हणून वॉकर देऊ नये. पांगुळगाडाही मूल धरून उभे राहू लागल्यावरच द्यावा. तो जड आणि रुंद असावा, चाके फार सुळसुळीत नसावीत. तोपर्यंत चटईवर पालथे निजविणे हाच पायांचा आणि मानेचा व्यायाम. जागेपणी, कोणी जवळ असताना, दिवसभरात मिळून अर्धा तास तरी तो व्हावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सुचविले आहे. त्याच सूचनेत वर्षाखालील बाळाच्या पुढे पडदा मुळीच धरू नये, असेही आहे. जेवताना बाळ घास घेत नाही म्हणून मोबाइल लावून देणाऱ्या मातांची अडचण कळते, एकटीने सारे घर ओढणाऱ्या सुनेची तर अधिकच कळते. पण त्या वेळी आजोबांनी खिडकीतला कावळा दाखविला तर सुनेचेही काम होते आणि आजोबांचेही.

खेळणी किती असावीत? एका वेळी बाळापुढे तीन-चार पुरेत. बाकीची कापडी पिशवीत बांधून ठेवावीत आणि आठवड्याने अदलाबदल करावी. जुने खेळणे पुन्हा नवे होते. कापडी खेळणी आठवड्यास साबणाने धुऊन उन्हात वाळवावीत. लाकडी खेळणी ओल्या फडक्याने पुसावीत, पाण्यात भिजत ठेवू नयेत, लाकूड तडकते. दर धुण्याच्या दिवशी शिवण, सांधा, मेख बोटाने ओढून पाहावी.

आपल्या न्यासापुढे एक सूचना ठेवावीशी वाटते. तान्ह्याचे खेळणे तीन महिन्यांत वयाने मागे पडते आणि पुढची वीस वर्षे माळ्यावर धूळ खाते. सभासदांनी चांगली, पोस्टकार्डाच्या नळीतून तपासलेली लाकडी आणि स्टीलची खेळणी न्यासाच्या कचेरीत एका पेटीत जमा करावीत, आणि ज्या घरी बाळ आहे त्यांनी ती ग्रंथालयातील पुस्तकासारखी न्यावीत, धुऊन परत करावीत. कापडी खेळणी मात्र ज्याची त्याने शिवावीत. पैशाची अडचण असलेल्या घरास त्यात संकोच वाटू नये म्हणून सधन घरांनी पहिल्यांदा पेटीतून खेळणे न्यावे.

आणि ज्यांच्या घरी यंदा पहिला पोळा आहे त्यांनी नंदी सुताराकडून असा करवावा. लांबी वीतभर; शिंगे, शेपूट व कान धडाच्याच लाकडातून कोरलेले, वेगळे चिकटविलेले नकोत; शिंगांची टोके बोथट व जाड. चाके किमान सात-आठ सेंटिमीटर व्यासाची, लाकडी मेखेवर, लोखंडी खिळा कोठेही नाही. दोरी सुती आणि वीतभराहून लांब नको; मूल चालू लागेपर्यंत ती नसली तरी चालते. रंग देऊ नये. काचकागदाने गुळगुळीत करून घाणीचे कच्चे जवस तेल फडक्याने तीन वेळा चोळावे, वर थोडे मधमाश्यांचे मेण. डोळे तापलेल्या सळईने डागून काढावेत. काम पोळ्याच्या दीड महिना आधी सांगावे, कारण कच्चे जवस तेल नीट वाळावयास आठवड्यांमागून आठवडे लागतात आणि श्रावणात ऊन कमीच असते.